शेडकडच्या तीन रांगा

११ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड टेम्पोवाल्याने आणून दिलं. एवढ्या मोठ्या कार्डावर मधोमध दोन ओळी: मधमाश्यांच्या पेट्या आणीन, पाव हिस्सा फुलं उमलली की कळव. शाई महाग झालीय का तिकडे? पूर्वी तू मधपाळांच्या बैठकीला जाऊन चार दिवस राहिलास तरी पानंच्या पानं लिहायचास. उशीला कसला वास येतो, शेजारच्या खाटेवरचा कसा घोरतो, सगळं. ते सगळं आता तू रोज समोर बसलेल्या माणसाला तोंडी सांगत असशील. सांग बापडा. मला जळफळाट होतो आणि तो मी लपवत नाही. ठिणगी हे नाव काही मी स्वतःला ठेवलेलं नाही, तू ठेवलंयस.

नासपतीची छाटणी उरकली. शेवटच्या रांगेचे शेंडे तेवढे राहिले, कारण शिडी धरायला कोणी नव्हतं. तुझ्या बायकोला शिडी धरता येत नव्हती असं मी म्हणणार नाही, धरायची ती. पण धरल्या धरल्या मान वर करून विचारायची, ही फांदी का आणि ती का नाही? शाळेत सजीवसृष्टी शिकवणाऱ्या बाईला प्रश्न विचारायची खोड असणारच, पण मी शिडीवर असताना कशाला? आणि तू खाली उभा राहून कौतुकाने हसायचास. माझ्या एकाही प्रश्नावर तू तसा हसलेला मला आठवत नाही.

निघताना तू जे म्हणालास ते मी विसरलेले नाही. यंदा फळ नीट धरलं तर बाग ठेवायची, नाही धरलं तर विकून टाकायची, एकटीला तुला झेपणार नाही. माझ्या काळजीपोटी म्हणालास असं मी धरून चालते. पण बाबांनी लावलेली झाडं आहेत ही, आणि माझं सगळं आयुष्य या झाडांखाली गेलंय. मला दुसरं काही येत नाही. तू पेट्या घेऊन डोंगराच्या पलीकडे गेलास, तुझं बिऱ्हाड चाकांवर असतं. झाडं उचलून नेता येत नाहीत.

तेव्हा पेट्या वेळेवर आण. आणि हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

ठिणगी


४ मार्च

दादा,

दुसरं कार्ड मिळालं. या वेळी तीन ओळी, म्हणजे प्रगती आहे. त्यातली तिसरी वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या: कुंपणाची पट्टी कापू नकोस, ती म्हणतेय.

ती म्हणतेय. तू म्हणत असतास तर एक वेळ विचार केला असता.

मी पट्टी कापली. कार्ड आलं त्याच दिवशी, जेवण बाजूला ठेवून. आता तू तिकडे कपाळाला हात लावशील, म्हणून तुझ्याच तोंडचे शब्द तुला ऐकवते. नासपतीच्या फुलात मध पातळ असतो, साखर जेमतेम. बिचाऱ्या फुलाला वासही धड नाही, मोहरीवाला शेजारी बहराच्या दिवसांत नाकाला रुमाल लावून जातो. माशीला जवळपास दुसरं काही गोड दिसलं की ती नासपतीकडे पाठ फिरवते. म्हणून पेट्या येण्याआधी झाडांखालची सगळी फुलं कापून काढायची, तिला दुसरं काही दिसूच द्यायचं नाही. हे मला कोणी शिकवलं? मी त्याच नियमाने वागले. तुझ्या बायकोने पेरलेली ती निळी-पांढरी रानफुलं काय नियमाच्या वर आहेत?

खरं सांगायचं तर ती पट्टी पहिल्यापासून माझ्या डोळ्यांत खुपत होती. लग्न होऊन या घरात ती आली आणि पहिल्याच वर्षी कुंपणालगत कसलं कसलं बी टाकून मोकळी झाली. कोणाला विचारलं? तुला. मग शाळेची पोरं आणायला लागली. गवतात खुंट्या ठोकून दोरीचे चौकोन आखायचे, आणि एकेका चौकोनात भिंग घेऊन पोरं पालथी पडलेली. किडे मोजा, मुंग्या मोजा, कोण कोणाला खातंय ते लिहा. फळ्यावर तिने तक्ता काढला होता तो मला अजून दिसतो. माशी आणि फूल, दोघांना फायदा, म्हणून अधिक-अधिक. मावा आणि झाड, एकाला फायदा एकाला तोटा, अधिक-उणे. दोन झाडं एकाच उजेडासाठी धडपडतात तेव्हा उणे-उणे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी घासत ऐकत होते. एका पोराने विचारलं, बाई, पण दोघांत एक जिंकणारच ना? तर म्हणे, जिंकतो तोही वाळलेलाच असतो, सगळी ताकद दुसऱ्याला हटवण्यात जाते. आणि तेव्हाच तिने खिडकीकडे पाहिलं. तू म्हणशील सहज पाहिलं असेल. तू तिच्याबद्दल काहीही सहज म्हणशील.

त्यानंतर मी काय बोलले ते तुला माहीत आहे, पोरांसमोर बोलले तेही माहीत आहे. ही आमच्या बापाची बाग आहे, तुझी प्रयोगशाळा नाही. यात खोटं काय होतं?

तर जवळजवळ सगळी पट्टी कापून झाली आणि शेडच्या कोपऱ्यावर आले, तोच गवत कापायच्या यंत्राने आचका दिला आणि बंद पडलं. पात्यांत तिची दोरी. पोरांच्या चौकोनांची, खुंट्यांसकट, गवतात कुठेतरी राहून गेलेली. दांड्याला अशी गच्च गुंडाळली गेली की चाकूने कापता कापता माझी नखं तुटली. इथे नसूनसुद्धा बाई माझं यंत्र बंद पाडते. तो कोपरा तसाच सोडला. शेडच्या पागोळीखाली तिने पोरांकडून बांधून घेतलेल्या बांबूच्या पोकळ नळ्यांच्या जुड्या लटकतायत, त्याही जाळायच्या होत्या. पण यंत्रापायी जीव इतका उबगला होता की घरात जाऊन झोपले.

पेट्या कधी आणतोस ते लिही. तिला विचारून लिहिलंस तरी चालेल, एरवीही तसंच चाललंय.

ठिणगी


२५ मार्च

दादा,

पेट्या पोचल्याची पोच.

उजाडायच्या आत पेट्या हलवायच्या, माश्या बाहेर पडायच्या आधी, हे मला कळतं. म्हणून मी त्याच्याही आधी उठून चहाचं आधण ठेवलं होतं. तीन कप काढले होते. हे मुद्दाम लिहिते, पुढेमागे कोणी म्हणू नये की मी दोनच काढले. तिसऱ्याचा कान तुटलेला होता, पण काढला होता.

टेम्पोचा आवाज आला तशी मी खिडकीत आले. तू आणि टेम्पोवाला एकेक पेटी उचलून रांगांमध्ये ठेवत होतात, मधला पट्टा सोडून, दारं उन्हाच्या बाजूला, सगळं नेहमीसारखं. मला वाटलं, झालं की येईल आत. तू टेम्पोच्या दाराशी गेलास. आतून एक हात बाहेर आला, हातात थर्मास. तू टोपणात चहा ओतून घेतलास आणि माझ्या बागेत, माझ्या स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर, तिचा चहा उभ्याने प्यायलास. फुंकर मारून. तुला चहा इतका गरम लागतो हे तिला कोणी सांगितलं? मीच सांगितलं असणार, ती नवीन असताना.

मग ती उतरली. कापलेल्या पट्टीच्या कडेकडेने चालत गेली, अगदी शेडपर्यंत. तिथे त्या लटकत्या जुड्यांसमोर थांबली, एका नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि परत येऊन बसली. वर पाहिलं नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी पदर खोचून तयार होते, उत्तरंसुद्धा पाठ होती.

तू जाताना हात केलास तो खिडकीला केलास की मला, ते कळलं नाही. तिन्ही कप मी मोरीत ओतले.

फुलं छान आलीत, तेवढं सांगते. वरची रांग तर पांढरीशुभ्र आहे. आता सगळं तुझ्या माश्यांच्या हाती.

ठिणगी


३ एप्रिल

दादा,

तुझ्या माश्या तुझ्यावर गेल्यात. दाराशी येतात, बाहेर डोकावतात आणि आत वळतात.

तू निघालास त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून हवा फिरली. भुरभुर पाऊस आणि असा गारठा की मी स्वेटरवर स्वेटर घालून फिरतेय. पेटीला कान लावला की आत गुणगुण ऐकू येते, म्हणजे जिवंत आहेत, मजेत आहेत, एकमेकींना चिकटून ऊब धरून बसल्यात. आणि बाहेर माझी फुलं वाट बघत उभी. फूल किती दिवस वाट बघणार? खालच्या रांगांच्या पाकळ्या चिखलात पडायला लागल्यासुद्धा.

मी ब्रश घेऊन शिडीवर चढले. या झाडाचा पराग त्या झाडावर, बाबा करायचे तसं. दिवसभरात दोन फांद्या झाल्या आणि कंबर धरली. एवढ्याशा माशीचं काम माणसाने करायला घेतलं की माणूस किती निकामी आहे ते कळतं. हे वाक्य तुझ्या बायकोने फळ्यावर लिहायला हरकत नाही.

काल दुपारी ऊन पडलं. अखेर पेट्यांतून माश्या निघाल्या. मी खाली उभी राहून बघत होते. वर उठल्या, एक गिरकी घेतली, आणि माझ्या झाडांच्या डोक्यावरून सरळ कुंपणापलीकडे, मोहरीवाल्याच्या पिवळ्या शेतात. एकामागून एक, रांगच्या रांग. मी माझ्या हाताने खालचं सगळं गोड कापून काढलं होतं, म्हणजे त्यांना कुठे जायला जागा राहणार नाही. पण कुंपणापलीकडे माझा हात पोचत नाही. दादा, मी तिथे उभी राहून रडले, आणि तुझ्या माश्यांसाठी रडले नाही हे तुला कळेलच. माझ्याजवळचं पातळ आहे, वासाचं नाही, हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला? लहानपणी तापात माझ्या उशाशी बसायचास तेव्हा बघितलं होतंस का माझ्यात किती मध आहे? तेव्हा दुसरं काही उमललेलं नव्हतं, एवढंच ना?

हा मजकूर कापून टाकणार होते, पण कागद दोन्हीकडून भरलाय. तिला वाचून दाखवू नकोस.

एक विचारायचं होतं. गारठ्यात, तुझ्या माश्या दारं लावून बसल्या होत्या तेव्हा, शेडजवळच्या झाडांवर काहीतरी फिरत होतं. तपकिरी, केसाळ, बुटकं. पावसाची उघडीप मिळाली की लगेच हजर. एकेक फूल पोटाखाली घेऊन त्यात अक्षरशः लोळत होतं. मी म्हटलं गोमाशी असेल. पण त्या माश्या फुलांवरून उठून शेडच्या पागोळीखाली जात होत्या, त्या नळ्यांमध्ये. तुझ्या ओळखीच्या आहेत का?

ठिणगी


१२ मे

दादा,

या वेळचं कार्ड तुझ्या अक्षरात आहे, पण उत्तर तिचं आहे. गवंडी माशी हा शब्द तुला कुठून सुचणार? नळीत अंडं घालते, शेजारी परागाचा गोळा ठेवते, चिखलाची भिंत बांधते, पुन्हा अंडं, पुन्हा भिंत. राणी नाही, पोळं नाही, मध नाही, प्रत्येकीचं बिऱ्हाड वेगळं. गारठ्यातही कामाला निघते आणि घरापासून लांब जात नाही, म्हणून घराजवळ बहराच्या आधीही फुलं लागतात आणि नंतरही. कार्डाची दोन्ही अंगं भरलीत. माझ्या पत्रातलं दुसरं सगळं सोडून नेमकं याच प्रश्नाचं उत्तर आलं, म्हणजे पत्र तिने वाचलंय. मग तो रडल्याचा भागही वाचला असेल. वाच म्हणावं.

बागेची हकीकत अशी आहे. वरच्या रांगा कोऱ्या, मधल्याही कोऱ्या. खालच्या रांगांत कुठे एखादं फळ, बोटाच्या पेराएवढं, तेही पिवळं पडून गळतंय. मी ब्रश फिरवलेल्या दोन फांद्यांवर आहेत थोडी, ती मी येता-जाता बघते.

आणि शेडकडच्या तीन रांगा लगडल्यात. लगडल्यात म्हणजे घोसच्या घोस, विरळणी करायला लागली.

मी आधी म्हटलं शेडचा आडोसा आहे, वारा लागला नसेल. मग म्हटलं शेणखताचा ढीग त्या बाजूला होता. मग म्हटलं बाबांनी पहिली लावलेली झाडं तीच, मुळं खोल गेली असतील. रोज एक नवं कारण घेऊन तिकडे जायचे आणि परत यायचे. आडोसा मागच्या वर्षीही होता. खत सगळ्या रांगांना घातलं होतं. शेवटी काल शेडसमोर उपडी बादली ठेवून बसले. नळ्यांची तोंडं चिखलाने लिंपलीत, एकसारखी, घोटून गुळगुळीत. जिथे यंत्र बंद पडलं त्या कोपऱ्यात तिची फुलं अजून उभी आहेत, आणि त्या फुलांपासून जितकं लांब जावं तितकी झाडं रिकामी होत जातात. कोणी रेघ मारून ठेवल्यासारखं दिसतं. रेघ मीच मारलीय, यंत्राने.

माझं काय बिनसलं ते सांगू? बाग कोरी राहिली असती तर मी तुझ्यावर खापर फोडलं असतं, हवेवर फोडलं असतं, मोहरीवाल्यावर तर नक्कीच. पण या तीन रांगांनी माझं तोंडच बंद केलंय. मला तुझ्या पेट्या हव्या होत्या, त्या आल्या. तू आलास तितका आलास. आणि फळ धरलं ते तिच्या नळ्यांतल्या माश्यांमुळे. माझ्या बागेला माझ्यापेक्षा तिची जास्त गरज निघावी याचं मला किती वाईट वाटतंय ते तुला कळणार नाही. तुझी गरज तिला आहे हे मी गिळलं होतं. बाग तरी माझी होती.

तू कार्डाच्या अगदी कडेला बारीक अक्षरात लिहिलंयस, तीन रांगांवर बाग चालत नाही, ठरल्याप्रमाणे तोडणीनंतर गिऱ्हाईक घेऊन येतो. वाचलं मी. ठरलं होतं हे खरं आहे.

ठिणगी


२० ऑगस्ट

वहिनी,

या नावाने हाक मारायला मला एवढा वेळ लागला. वयाने तू माझ्याहून लहान आहेस, म्हणून अगं-तुगं करतेय. चालवून घे.

टेम्पोवाल्याकडे एक खोकं दिलंय. फळं शेडकडच्या रांगांतली आहेत. दगडासारखी लागतील, घाबरू नकोस. नासपती झाडावर पिकू देत नाहीत, वरून पिवळी दिसेतो आत गाभा सडलेला असतो. फळ हातात धरून आडवं उचलायचं, देठ आपोआप सुटला की तोडायचं, आणि घरात सावलीत ठेवायचं. देठाजवळ अंगठा दाबून बघ, मऊ लागलं की खा. हे तुला मी शिकवायला हवं होतं. तू कधी विचारलं नाहीस असं म्हणणार होते, पण तू सारखी विचारायचीस.

आता कामाचं. दादा गिऱ्हाईक घेऊन येणार आहे. मी त्याला दोन पत्रं लिहायला घेतली आणि दोन्ही फाडली. तो माझं ऐकणार नाही. लहानपणी ऐकायचा, पण तेव्हा माझ्याजवळ दुसरा कोणी नव्हता आणि त्याच्याजवळही. तो तुझं ऐकतो. तू बस म्हटलंस की बसतो, हे मी तुमच्या लग्नापासून पाहतेय आणि पाहून कुढतेय. जेवताना तू मीठ पुढे केलंस तरी माझ्या पोटात दुखायचं. अजूनही दुखेल, तसं खोटं कशाला सांगू. पण तो तुझं ऐकतो, ही जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सलत होती, तीच आता माझ्या कामाची आहे. त्याला सांग बाग विकू नकोस म्हणून. एकच वर्ष थांब म्हणावं.

नुसतं सांग म्हणत नाहीये. बाजूच्या रिकाम्या खोलीत मी नळ्या कापून ठेवल्यात, ढीगभर. गाठीच्या मागे कापायच्या, म्हणजे एक टोक बंद राहतं, हे तुझ्या जुड्या सोडून बघितल्यावर कळलं. रिकाम्या जुड्याच सोडल्या, लिंपलेल्यांना हात लावलेला नाही. कुंपणाच्या कडेची जमीन उकरून ठेवलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तुझ्यासारख्या खुंट्या ठोकून दोरीचे चौकोन आखलेत. वाकडे झालेत. दोरी तीच आहे, यंत्रातून काढलेली, गाठी मारून मारून पुरवली. पण बी कुठलं, कोणतं आधी फुलतं आणि कोणतं मागाहून, पट्टी किती रुंद, मधल्या रांगांत एखादी पट्टी काढायची की नाही, यातलं मला ओ की ठो कळत नाही. मोहरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला गवतच वाढवायचंय ना, त्यात काय. तेव्हा मला तुझी आठवण आली, आणि आठवण आली याचाही राग आला.

पोरांनाही आण. शाळा लांब पडते हे खरं, पण टेम्पोवाला म्हणतो बसवून आणतो. खिडकीतून मी काही बोलणार नाही. बोललेच तर तू बोल, तुला बोलता येतं, फक्त तू बोलत नाहीस, आणि त्या दिवशी पट्टीच्या कडेने तू गप्प चालत गेलीस ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तक्त्यात तू त्या दोन झाडांपुढे उणे-उणे लिहिलं होतंस. एका पोराने विचारलं तेच मलाही विचारायचं होतं, दोघांत एक जिंकणारच ना? आता विचारायचं कारण उरलं नाही. तुम्ही दोघं डोंगरापलीकडे भाड्याच्या खोलीत, मी इथे कोऱ्या झाडांखाली.

माफीबिफी मागणं मला जमत नाही, घरात कोणाला विचार. तू मला आवडायला लागलीस असंही समजू नकोस, त्याला अजून वेळ आहे. हे पत्र दादाला वाचून दाखवू नकोस. त्याला एवढंच सांग की ठिणगीने खोकं पाठवलंय.

पेरणी थंडीच्या आत व्हायला हवी असं तुझ्या त्या कार्डावरून वाटतं, म्हणजे तुला लवकर यावं लागेल. दादाला पेट्यांचं काम असेल तर एकटी ये, तो नाही आला तरी चालेल. थर्मास मात्र आणू नकोस. चहा घरात होईल, आणि कान तुटलेला कप मी घेईन.

तुझी नणंद